बुद्धिबळाचा पट आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने एखादा विषय घेऊन दोन शब्द बोलावेत, असा आपला रिवाज आहे. आजवर स्वयंपाक, मुलांची दुखणीखुपणी, परसबाग, संतांची चरित्रे असे पुष्कळ विषय झाले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी ‘बुद्धिबळ’ म्हणताच दोघीतिघी हसल्या. ‘हा तर पुरुषांचा रिकामपणचा उद्योग, त्याचे बायकांना काय?’ असे एकीने विचारलेही. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर पदरात घ्यावे.

आधी खेळ थोडा सांगते, कारण पुष्कळजणींनी पट दुरूनच पाहिलेला असतो. पटावर काळीपांढरी मिळून चौसष्ट घरे. प्रत्येकाकडे सोळा मोहरी. एक राजा, एक वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. समोरच्याच्या राजाला शह बसला आणि त्यातून सुटायला एकही वाट उरली नाही की मात झाली. यात फासे नाहीत, कवड्या नाहीत, म्हणून दैवावर बोट ठेवता येत नाही. दोघांनाही सगळा पट दिसत असतो. जो पुढचे अधिक पाहील, तो जिंकेल. स्पर्धेत आणखी एक कडक नेम असतो, तो म्हणजे मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावे लागते. विचार आधी करायचा, हात मागून घालायचा. हा नेम संसारातही बरा आहे, असे मला वाटते.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या ओसरीवर दुपारी पट मांडलेला असे. संत्र्याच्या तोडणीचे दिवस सरले की चारदोन मंडळी हटकून जमत. त्यांचा खेळ देशी रीतीचा, म्हणजे प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. आमच्या मुलाच्या शाळेतल्या खेळात ते आरंभी दोन घरे चालते. आतून बाहेर जात ते आमचे चहाचे कप. कप ठेवताना आणि उचलताना पाहून पाहून मी चाली शिकले. ओसरीवर बसून खेळ, असे मला कुणी म्हटले नाही आणि मीही विचारले नाही. घरोघर असेच होते. बायकांना खेळता येत नव्हते असे नव्हे, त्यांच्यासाठी पट कुणी मांडत नव्हते.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलीची हकीकत सांगते. नाव तुम्ही सर्वांनी ऐकलेले आहे. दिव्या देशमुख. नागपुरात ९ डिसेंबर २००५ रोजी तिचा जन्म झाला. आईवडील दोघेही डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटन शिकत होती आणि ही वयाने लहान, म्हणून हिला बुद्धिबळाच्या वर्गात बसवले. तेव्हा ती पाच वर्षांची होती. नागपूरचे राहुल जोशी हे तिचे पहिले गुरू. ते २०२० साली, ऐन उमेदीत वारले. शिष्येचे पुढचे मोठे दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

२०१२ साली सात वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती पहिली आली. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला आपण अजून वेणी घालून देत असतो. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरी दहा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली, तीही तिने जिंकली. २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळवले. २०२२ साली ती भारताची राष्ट्रीय महिला विजेती झाली आणि त्यानंतरची राष्ट्रीय स्पर्धाही तिनेच जिंकली. २०२३ साली कझाकस्तानातील अल्माटी येथे आशियाई महिला विजेतेपद तिच्याकडे आले. २०२४ च्या जून महिन्यात गुजरातेत गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. तिथे अकरा डावांत तिने दहा गुण घेतले. जिंकलेल्या डावाला एक गुण आणि बरोबरीला अर्धा, असा हिशेब असतो. म्हणजे अकरा डावांत मिळून तिने फक्त एक गुण सोडला.

ऐकताना हे सगळे गुळाच्या ढेपेसारखे गोड वाटते. पण त्याच २०२४ सालच्या जानेवारीत नेदरलँड्समधील वाइक आन झे या गावी ती एका मोठ्या स्पर्धेत खेळत होती. स्पर्धा संपल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की, बघणारे लोक माझ्या डावाकडे पाहतच नाहीत. माझे कपडे, माझे केस, माझे बोलणे यांवरच बोलतात. पुरुष खेळाडूंच्या चालींची चर्चा होते आणि बाईच्या खेळाखेरीज सगळ्याची. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. भगिनींनो, हे वाचले तेव्हा मला फार आश्चर्य वाटले नाही. मुलगी कीर्तनाला जावो, शाळेत जावो की परदेशी जावो, तिने काय केले यापेक्षा ती कशी दिसली हे आधी पाहिले जाते. फरक एवढाच की, ही पोरगी गप्प बसली नाही. बोलली, आणि पुन्हा पटाशी जाऊन बसली.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात हंगेरीच्या बुडापेस्ट शहरी ऑलिंपियाड झाले. ऑलिंपियाड म्हणजे देशादेशांच्या संघांची स्पर्धा. आपल्या महिला संघात द्रोणावल्ली हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव अशा पाचजणी होत्या. संघाचे कप्तान पुण्याचे अभिजित कुंटे. आपल्या महिलांनी प्रथमच तिथे सुवर्णपदक जिंकले. दिव्याने अकराच्या अकरा डाव खेळून साडेनऊ गुण घेतले, एकही डाव गमावला नाही आणि स्वतःचे वेगळे सुवर्णपदकही मिळवले. पुरुषांच्या संघानेही त्याच वेळी सुवर्ण जिंकले.

महिलांच्या विजयी संघाला जो चषक मिळतो, त्याला एका बाईचे नाव आहे. वेरा मेनचिक. ही बाई कोण, हे आपल्याला ठाऊक असायला हवे, कारण आपल्या नागपूरच्या मुलीने जिंकलेला चषक तिच्या नावाचा आहे.

वेराचा जन्म १९०६ साली रशियात मॉस्को शहरी झाला. वडील झेक, आई इंग्रज. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला पट आणून दिला आणि चाली शिकवल्या. रशियात क्रांती झाली आणि घरची स्थिती पालटली. १९२१ साली आईबरोबर ती इंग्लंडात आली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिला इंग्रजी धड येत नव्हते. पण बुद्धिबळ हा न बोलता खेळायचा खेळ, तेव्हा भाषा न येणाऱ्याला तो बरा, असा विचार करून तिने तोच धरला. मला ही गोष्ट फार आवडली. परक्या घरी नवीन गेलेल्या मुलीला ती चटकन समजेल.

१९२७ साली लंडनला महिलांची पहिली जगज्जेतेपदाची स्पर्धा झाली. ती वेराने जिंकली आणि पुढे मरेपर्यंत, सतरा वर्षे, ते पद कुणाला जाऊ दिले नाही. पण बायकांत पहिली येऊन तिचे समाधान झाले नाही. ती पुरुषांच्या स्पर्धांत जाऊन बसू लागली. १९२९ साली कार्ल्सबादला जगातले नामांकित बावीस खेळाडू जमले, त्यांत ही एकटी बाई. व्हिएन्नाचे बेकर नावाचे एक खेळाडू थट्टेने म्हणाले की, जो कोणी हिच्याकडून हरेल त्याला आपण ‘वेरा मेनचिक क्लब’चा सभासद करून घेऊ. थोड्याच दिवसांत त्या क्लबाचे पहिले सभासद झाले ते खुद्द बेकर!

इथे मी खरे ते सांगते. त्या स्पर्धेत वेरा शेवटच्या क्रमांकावर राहिली. चरित्रे सांगताना आपण हरलेले डाव झाकून ठेवतो, ते बरे नव्हे. ती शेवटची आली आणि पुढच्या स्पर्धेला पुन्हा गेली, यातच तिचा मोठेपणा आहे. हळूहळू त्या थट्टेच्या क्लबात मोठमोठी नावे आली. हॉलंडचे डॉक्टर मॅक्स य्यूवे हे गृहस्थ पुढे १९३५ साली पुरुषांचे जगज्जेते झाले, तेही वेराकडून दोनदा हरले होते. या य्यूवेंचे नाव लक्षात ठेवा. ते पुढे आपल्या महाराष्ट्राच्या कामी आले आहेत.

वेराचा शेवट दुःखाचा झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जून महिन्यात, लंडनमध्ये तिच्या घरावर जर्मनांचा उडता बाँब पडला. ती, तिची आई आणि धाकटी बहीण ओल्गा अशा तिघीही गेल्या. वय अवघे अडतीस.

वेराच्याच काळात इंग्लंडात आपल्या देशाची एक बाई होती. पंजाबातले सर उमर हयात खान हे मोठे जमीनदार लंडनला राहत असत. त्यांच्या पदरी सुलतान खान नावाचा बुद्धिबळपटू होता. तो तीनदा इंग्लंडचा विजेता झाला. त्याच घरात फातिमा नावाची एक बाई नोकरीला होती. ती १९३३ साली इंग्लंडची महिला विजेती झाली. नोकरीला असलेली हिंदी बाई आणि सगळ्या विलायतेत पहिली! पुढे मालक हिंदुस्थानात परतले, तिलाही परतावे लागले. त्यानंतर स्पर्धांत तिचे नाव दिसत नाही. बाईला बुद्धी नसते असे जे म्हणतात, त्यांना फातिमाचे नाव सांगावे. आणि नुसत्या बुद्धीने भागते असे जे म्हणतात, त्यांनाही तेच नाव सांगावे. डाव तोच, बाई तीच. पण पट मांडून देणारे आणि स्पर्धेला नेणारे हात निघून गेले की खेळ थांबतो.

आता मुंबईला येऊ. ‘नवाकाळ’ पत्राचे संपादक नीलकंठ खाडिलकर यांना तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे घराणे. भारतात महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा प्रथम १९७४ साली बंगळूरला झाली आणि ती वासंतीने जिंकली. त्यानंतर जयश्री, त्यानंतर रोहिणी. पहिली काही वर्षे हे विजेतेपद म्हणजे जणू खाडिलकरांच्या घरातली पैठणी. आज ही नेसली, उद्या ती!

धाकट्या रोहिणीचा जन्म १९६३ चा. १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. तोवर कोणी मुलगी तिथे बसली नव्हती. मोठा गहजब झाला. प्रकरण हायकोर्टात गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. तेव्हा जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष कोण होते? तेच डॉक्टर मॅक्स य्यूवे, वेरा मेनचिककडून दोनदा हरलेले. त्यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बाईला बाई म्हणून मज्जाव करता येणार नाही. त्यांच्या मनात काय आले असेल ते मी कशी सांगणार? पण ज्याने पटावर बाईचा हात पाहिला आहे, त्याला तिची जागा कोणती हे वेगळे समजवावे लागत नाही, असे मला आपले वाटते. एका रशियात जन्मलेल्या मुलीने १९३० च्या सुमारास जिंकलेले डाव पंचेचाळीस वर्षांनी एका मराठी मुलीच्या उपयोगी पडले म्हणा ना.

रोहिणी पुढे पाच वेळा भारताची महिला विजेती झाली. १९८१ साली हैदराबादला ती आशियाची विजेती झाली, एकही डाव न हरता. अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. तिच्यामागून भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले, सांगलीच्या स्वाती घाटे, पुण्याची सौम्या स्वामिनाथन अशी मराठी मुलींची ओळच लागली. म्हणजे दिव्या २०१० साली नागपुरात पटाशी जाऊन बसली, तेव्हा ती खुर्ची तिच्यासाठी आधीच भांडून मिळवलेली होती. पुढची बसली म्हणून मागची बसू शकते. आपल्या मंडळाचेही तसेच आहे. पहिल्या दहाजणी घराबाहेर पडल्या म्हणून आज आपण एवढ्याजणी इथे आहोत.

आता २०२५ सालची गोष्ट. जुलै महिन्यात जॉर्जिया देशातल्या बातुमी गावी महिलांचा विश्वचषक झाला. ही स्पर्धा कुस्तीच्या दंगलीसारखी असते. जोड लावायची, हरली ती घरी, जिंकली ती पुढे. एकशे सात खेळाडू होत्या आणि मानांकनात दिव्याचा क्रमांक पंधरावा होता. म्हणजे जाणकारांच्या हिशेबाने चौदाजणी तिच्याहून वरचढ. तिने चीनची झू जिनेर हरवली, जिचे मानांकन दुसरे होते. मग आपलीच हरिका. मग चीनची तान झोंगयी, जी पूर्वी जगज्जेती होऊन गेलेली. अंतिम सामन्यात समोर आली आंध्रची कोनेरू हंपी.

हंपीचा मान मोठा आहे. ती २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाली. ग्रँडमास्टर ही या खेळातली सर्वांत मोठी पदवी आणि ती मिळवणारी हंपी ही पहिली भारतीय बाई. त्या वेळी दिव्याचा जन्मही झाला नव्हता. हंपी स्वतः एका मुलीची आई आहे. बाळंतपणानंतर ती पुन्हा खेळात आली आणि जलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद दोनदा, २०१९ आणि २०२४ साली, जिंकली. म्हणून मी घरी म्हटले की, या सामन्यात कुणीही जिंको, आपल्याच घरात लाडू वाटायचे आहेत. एका बाजूला अडतीस वर्षांची आई आणि दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांची मुलगी.

पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले. त्यांत घड्याळाचा काटा सारखा मानेवर असतो. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती, म्हणजे पहिली चाल समोरचीची. वेळ कमी उरला तसा हंपीचा हात चुकला आणि दिव्याने डाव जिंकला. उठली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. आई तिथेच होती, तिच्या गळ्यात जाऊन पडली. आमच्या मुलाने मोबाइलवर ते चित्र दाखवले तेव्हा आमच्या सासूबाई, ज्यांना उंट कुठला नि हत्ती कुठला ठाऊक नाही, त्याही पदराने डोळे पुसत होत्या.

त्या विजयाने ती आपोआप ग्रँडमास्टर झाली. एरवी या पदवीसाठी निरनिराळ्या स्पर्धांत तीन वेळा ठरावीक कामगिरी दाखवावी लागते. दिव्याकडे त्यांतली एकही नव्हती. विश्वचषक जिंकणारीला मात्र पदवी थेट मिळते. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर. नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोघे मुलगे तिच्या आधी ग्रँडमास्टर झालेले आहेत.

आता एक आकडा नीट ऐका. त्या अठ्ठ्याऐंशींत बाया किती? चार. हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या. खेळात अंगबळ लागत नाही, उंची लागत नाही, बसूनच खेळायचे. मग चौऱ्याऐंशी पुरुष आणि चार बाया, हे कसे?

कुणी म्हणतील, बायकांची बुद्धी तेवढी चालत नाही. वेरा, फातिमा, रोहिणी आणि दिव्या यांची हकीकत ऐकल्यावर ते म्हणणे मला पटत नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे कारणे दोन आहेत. एक वेळ आणि दुसरे सोबत.

वेळ म्हणजे सलग वेळ. आपल्या मुलींना वेळ असतो, पण तो मुगाच्या डाळीसारखा, चिमूट इकडे नि चिमूट तिकडे. अभ्यासाला बसली की ‘दूध उतू जातेय, बघ गं’. पुन्हा बसली की ‘पाहुणे आले, पाणी दे’. मुलगा पटाशी बसला की आपण म्हणतो, ‘त्याला उठवू नका, डाव रंगात आलाय’. मुलगी बसली की म्हणतो, ‘झालं का तुझं?’ बुद्धिबळाला दोन तास सलग लागतात. मधे उठवले की मनात बांधलेले सगळे मोडते. हा वेळ सरकार देत नाही, शाळा देत नाही. तो घरातल्या बाईलाच द्यावा लागतो, म्हणजे आपल्याला.

आणि सोबत. वेराची बहीण तिच्या बरोबरीने खेळे. खाडिलकरांच्या तर तिघी बहिणीच होत्या. दिव्याची आई बातुमीला तिच्याजवळ होती. या सगळ्या हकीकतींत कुणी ना कुणी जवळ आहे. आता आपल्याकडचे पाहा. मागच्या साली आपल्याच भागातली आठवीतली एक मुलगी शाळांच्या बुद्धिबळ सामन्यांत पहिली आली. मुलगेही हरवले तिने. पुढच्या सामन्यासाठी दोन दिवस नागपूरला राहायचे होते. वडील बागेच्या कामात अडकलेले, आई मजुरीला जाणारी, दोन दिवसांचा रोज बुडवणे परवडणारे नाही. सोबत जाईल अशी बाई मिळाली नाही आणि मुलीचे नाव मागे घेतले गेले. त्या मुलीला कुणी हरवले नाही, भगिनींनो. ती न खेळता बाद झाली. आईबापांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. पण आपण तीस-चाळीस बाया याच गावात होतो, एवढे मात्र मला सलते.

कुणी म्हणेल, ‘दिव्याचे आईबाप डॉक्टर, नागपूरसारखे शहर, शिकवायला गुरू. आपल्याला हे कुठून जमणार?’ हे खरे आहे आणि मी ते नाकारणार नाही. परदेशी जाणे, मोठे गुरू ठेवणे यांना पैसा लागतो, तो पुष्कळ लागतो. प्रत्येक गावातून दिव्या निघेल असे मी म्हणत नाही. पण पट एका साध्या लुगड्याहून स्वस्त मिळतो. आरंभाला तेवढा पुरे. आणि ग्रँडमास्टर नाही झाली तरी, समोरच्याचे मन ओळखणे, घाईने हात न घालणे, हरल्यावर हात मिळवून उठणे आणि डाव कुठे बिघडला ते शांतपणे तपासणे एवढे जरी मुलगी शिकली, तरी ते तिच्या जन्माला पुरेल.

बातुमी ज्या जॉर्जियात आहे, तिथे पूर्वी मुलीच्या लग्नात तिला बुद्धिबळाचा पट देण्याची चाल होती असे सांगतात. त्याच देशातली नोना गाप्रिंदाश्विली १९६२ पासून १९७८ पर्यंत महिलांची जगज्जेती होती आणि १९७८ साली ग्रँडमास्टर पदवी मिळवणारी ती जगातली पहिली बाई ठरली. आपण मुलीला भांडीकुंडी, मिक्सर, कपाट देतो. ते द्यावेच, संसाराला लागते. पण डोक्याला लागणारी एखादी वस्तूही त्यात असावी, एवढेच मी म्हणेन.

आता मंडळापुढे माझी सूचना मांडते. यंदा शेवया-कुरडयांच्या विक्रीतून जी शिल्लक पडली आहे, तिच्यातून सहा पट आणि दोन घड्याळे घ्यावीत. दर रविवारी दुपारी दोन ते चार ही खोली मुलींसाठी उघडी ठेवावी. त्या दोन तासांत कुणाच्याही आईने, आजीने, काकीने मुलीला कामासाठी हाक मारायची नाही, हा नेम आपण आपल्याच अंगावर घ्यायचा. चाली मी दाखवीन. पुढचे शिकवायला शाळेतल्या एखाद्या जाणत्या शिक्षकांना विनंती करू.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या तालुक्यातली कोणतीही मुलगी, कोणत्याही जातीची, कोणत्याही घरची, परगावी सामन्याला जाणार असेल आणि तिच्या घरची बाई जाऊ शकत नसेल, तर मंडळाची एक बाई तिच्या सोबतीला जाईल. पाळी लावून घेऊ. जाण्यायेण्याचे भाडे मंडळ देईल. पहिली पाळी माझी लिहा. घरी मी विचारून आले आहे.

पटावर प्यादे सगळ्यांत लहान. त्याला मागे फिरता येत नाही, एकेक घर पुढेच जावे लागते. पण शेवटच्या ओळीला पोचले की त्याचा वजीर होतो आणि सगळ्या पटावर मोकळे फिरतो. परदेशात तर वजिराला राणीच म्हणतात. मात्र खेळणारे सगळे सांगतात की, एकटे प्यादे सहसा तिथवर पोचत नाही. त्याच्या पाठीशी दुसरे मोहरे उभे लागते. ते काम आपले आहे.

माझे बोलणे लांबले.  सूचनेवर आजच्याच सभेत विचार व्हावा, अशी अध्यक्षाबाईंना विनंती करून मी खाली बसते.